सगळं माहीत असूनही त्या वेळी माणूस असा का वागतो? (असुरक्षित संबंध आणि आतलं मन)

माणदेशी

मी आयसीटीसीत समुपदेशक आहे, म्हणजे सरकारी दवाखान्यात जिथे एचआयव्हीची तपासणी होते तिथे तपासणीच्या आधी आणि नंतर माणसाशी बोलणं हे माझं काम. जिल्हा सांगत नाही, आणि खाली ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतके बदललेत.

आपल्याकडे सगळे समजतात की लोकांना माहिती नसते म्हणून रोग पसरतो. माझ्यासमोर बसणाऱ्या बऱ्याच जणांना माहिती असते हो. एचआयव्ही कशाने होतो ते चारही मार्ग तोंडपाठ असतात, कुणाकुणाला माझ्यापेक्षा भराभर सांगता येतात. आणि मग मी विचारतो की कंडोम का नाही वापरला, तर उत्तरं ठरलेली. "ती तसली वाटत नव्हती." "तब्येतीने चांगला होता." "ओळखीतलाच आहे." "त्या वेळी सुचलंच नाही." यातलं एकही उत्तर खोटं नसतं पण नीट ऐकलं ना की कळतं, हे विचार करून घेतलेले निर्णय नाहीतच. निर्णय आत कुठेतरी आधीच होऊन गेलेला असतो आणि मी विचारल्यावर माणूस त्याला कारण शोधून देतो.

"तसली वाटत नव्हती" यावर जर्मनीत कोन्स्टान्झ विद्यापीठात ब्रिटा रेनर, हाराल्ड शुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलंय. अनोळखी लोकांचे साधे फोटो दाखवायचे आणि बघणाऱ्याच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजायच्या. तर ज्या चेहऱ्यांना लोक नंतर "याला एचआयव्ही असू शकतो" म्हणाले, त्या चेहऱ्यांना मेंदूने अर्ध्या सेकंदाच्या आतच वेगळा प्रतिसाद दिलेला होता. म्हणजे विचार सुरू व्हायच्या आधी शिक्का मारून मोकळा. आणि तो शिक्का कशावरून? माणूस विश्वासू दिसतो का, जबाबदार वाटतो का यावरून. विषाणूला चेहरा नसतो, वर्षानुवर्षं कुठलंही लक्षण नसतं, पण आपलं आतलं मन चेहऱ्यावरूनच ठरवतं आणि त्याला स्वतःची खात्री असते.

इंग्लंडात साउथहॅम्प्टनला २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास झाला, ५१ पुरुषांना २० स्त्रियांचे फोटो दाखवले. जी जास्त आकर्षक वाटली तिच्यासोबत कंडोमशिवाय संबंध ठेवायची तयारी जास्त. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत, पण मी रोज जे ऐकतो त्याच्याशी तो तंतोतंत जुळतो.

मुंबईत जे २००२-०३ च्या सुमाराला होते त्यांना "बलबीर पाशा को एड्स होगा क्या?" ची होर्डिंगं आठवत असतील, पीएसआय या संस्थेची मोहीम होती. तिचा भर रोगाच्या माहितीवर नव्हता, माणूस स्वतःला जे सांगत असतो त्यावर होता. बलबीर एकाच बाईकडे जातो म्हणून निर्धास्त, पण तिच्याकडे बाकीचे जातात त्याचं काय. बलबीर एरवी वापरतो पण दारू प्यायला की विसरतो. समोरचं माणूस निरोगी दिसतंय म्हणून काही होणार नाही. आपल्या देशात आतल्या मनाशी थेट बोलणाऱ्या जाहिराती फार कमी झाल्या, ही त्यातली एक असं माझं मत. त्यात बाईकडेच रोगाचं मूळ म्हणून बोट जातं ही टीका मला पटते, तरीही.

तुमचं काय मत, अनुभव? आडपडदा न ठेवता लिहा, पण कुणाची ओळख उघड होईल असं लिहू नका प्लीज.

सह्याद्रीपुत्र७

लेख चांगला पण मला वाटतं इतकं खोल जायची गरज नाही. मूळ कारण संस्कारांचा अभाव. आमच्या वेळी घरात धाक होता, मुलं-मुली असं वागतच नव्हती. मेंदूच्या लहरी वगैरे म्हणजे चुकीच्या वागण्याला शास्त्रीय नाव दिल्यासारखं होतं.

माणदेशी

सह्याद्रीपुत्र, तुमच्या वेळीही होतंच, फक्त बोललं जात नव्हतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, त्यात गुप्तरोगांवर लिहिलं, कोर्टात खेटे घातले. कुणालाच गरज नसती तर त्यांनी हे कशाला केलं असतं.

धाकाबद्दल एक नक्की सांगतो. धाकाने वागणं थांबतंच असं नाही पण तयारी मात्र हमखास थांबते. खिशात कंडोम ठेवणं म्हणजे "मी असं करणार आहे" हे स्वतःशी कबूल करणं. ज्याला लहानपणापासून हे पाप आहे असं शिकवलंय त्याचं मन ते कबूल करू देत नाही. मग तो "मी असं काही करणारच नाही" म्हणत बिनतयारीचा जातो आणि ते घडतं. "सहज घडलं" असलं की दोष कमी वाटतो, ठरवून केलं असलं की जास्त. माझ्याकडे येणाऱ्यांत चांगल्या वळणाची, देवभीरू घरातली पोरं अशीच अडकलेली असतात, मला खरंच वाईट वाटतं त्यांच्यासाठी.

शांभवी_के

मानसशास्त्र शिकवते म्हणून थोडी भर घालते, लांब होईल.

माणदेशींनी जे "त्या वेळी सुचलंच नाही" लिहिलंय त्याला जॉर्ज लोवेनस्टाईन या संशोधकांनी एक चांगली मांडणी दिलीये. माणूस शांत असताना त्याला आपण पेटलेल्या अवस्थेत कसे वागू याचा अंदाज येत नाही, आणि पेटलेला असताना शांत अवस्थेतले आपले विचार काय होते ते हाताशी लागत नाहीत. भूक, राग, वेदना, कामवासना, सगळ्याला हे लागू. डॅन एरिएली आणि लोवेनस्टाईन यांचा २००६ चा प्रयोग यावर फार सांगितला जातो. बर्कलीच्या ३५ विद्यार्थ्यांची तेच प्रश्न थंड डोक्याने आणि उत्तेजित अवस्थेत विचारल्यावरची उत्तरं ताडून बघितली, आणि उत्तेजित असताना कंडोमबद्दलची उत्तरं ढासळली. पण एक नोंद करायलाच हवी, मुलं फक्त ३५ होती. शिवाय एरिएली सहलेखक असलेल्या २०१२ च्या एका वेगळ्याच पेपरमधला डेटा बनावट निघाला आणि तो पेपर २०२१ मध्ये मागे घेतला गेला. त्याचा या प्रयोगाशी संबंध नाही, पण त्यामुळे एकट्या या प्रयोगावर मी काही उभं करणार नाही. कामोत्तेजनेने धोक्याचा हिशेब बदलतो असं इतरांच्या प्रयोगांतही दिसलंय म्हणून मी ते मानते.

तसंच 'अबोध मन' म्हटलं की लोक लगेच फ्रॉइड, दडपलेल्या इच्छा, मरणाची ओढ इथे पोचतात. आत्ता आपण बोलतोय ते त्याहून साधं आहे, सवय, पटकन बनणारी मतं, भावना, लक्ष कुठे जातं ते. आणि पडद्यावर क्षणभर शब्द झळकवला की माणसाचं वागणंच बदललं, असल्या प्रयोगांपैकी बरेच पुन्हा करून बघितल्यावर टिकले नाहीत, तेव्हा असले व्हिडिओ फॉरवर्ड करू नका.

दारूबद्दल मात्र एक फार सुंदर संशोधन आहे. आपण म्हणतो दारूने माणूस बेफाम होतो. स्टील आणि जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये वेगळं म्हटलं, की दारूने लक्ष आक्रसतं, जे समोर ठळक दिसतं तेवढंच उरतं आणि लांबचं दिसेनासं होतं. समोर ठळक काय असतं? ते माणूस, तो स्पर्श. लांबचं काय? रोग. आता हे खरं असेल तर धोकाच ठळक करून समोर ठेवला की प्यायलेला माणूस उलट जास्त सावध व्हायला हवा ना? कॅनडातल्या मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हेच तपासलं. बारमध्ये येणाऱ्यांच्या हातावर शिक्के मारले, काहींच्या हातावर एड्सने माणूस मरतो अशा अर्थाचा. तो शिक्का असलेल्यांमध्ये प्यायलेले लोक असुरक्षित संबंधांना न प्यायलेल्यांपेक्षा कमी तयार होते! मी वर्गात हे सांगते तेव्हा दरवेळी पोरं गप्प होतात. दारू दोषी आहेच, पण त्या वेळी डोळ्यासमोर काय आहे यावर किती अवलंबून आहे बघा.

रेवाकाठची

सगळं वाचतेय. पण इतका वेळ फक्त पुरुषाच्या मनाबद्दल चाललंय.

माझ्या मावसबहिणीचं सांगते (ती आता नाही). लग्न करून आली, नवरा गाडीवर. तिने आयुष्यात दुसऱ्या पुरुषाकडे बघितलं नाही. तिच्या मनात कुठली प्रक्रिया चालू होती? तिला कंडोम म्हणायची सोय होती का? बायकोने कंडोम म्हटलं की एकतर "तुला माझ्यावर संशय आहे" नाहीतर "तूच कुठे जातेस". दोन्हीचा शेवट मारात.

माणदेशी

ताई, तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर, आणि याचा पुरावा पुण्यातच आहे. 'नारी' म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा १९९७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास. १९९३ ते ९६ मध्ये पुण्याच्या गुप्तरोग क्लिनिकमध्ये आलेल्या ज्या बायका धंद्यात नव्हत्या, बहुतेक लग्न झालेल्या, एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या, त्यांच्यात १३.६ टक्के एचआयव्ही बाधित निघाल्या. तुमच्या बहिणीसारख्या बायकांच्या बाबतीत प्रश्न मनाचा नाही, सत्तेचा आहे, तिथे मी मानसशास्त्र लावणार नाही.

फक्त नवऱ्याच्या बाजूने मात्र मन येतंच. तपासणीला बायकोला का आणलं नाही विचारलं की म्हणतात "तिला काय होणार, ती घरातच असते". घर म्हणजे सुरक्षित, बाहेर म्हणजे धोका, अशी विभागणी मनात इतकी पक्की असते की आपणच बाहेरचं घरात आणलंय हे सरळ गणित त्याला दिसत नाही.

कृष्णाकाठ_मिरज

घर-बाहेर वरून आठवलं. सांगलीत मीना सेषू यांची संग्राम संस्था १९९२ पासून आणि तिच्यातून उभी राहिलेली धंद्यातल्या बायकांची स्वतःची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. माझी आई त्या भागात आरोग्य खात्यात होती त्यामुळे मी लहानपणापासून ऐकलंय. तिथल्या बायका कंडोमच्या बाबतीत गिऱ्हाइकाला अजिबात सोडत नाहीत, गिऱ्हाईक नको म्हणाला तर परत पाठवतील. पण मालकासोबत नाही. मालक म्हणजे कायमचा माणूस, नवऱ्यासारखा. आई विचारायची, अगं तोही बाहेर जातो ना, तर म्हणायच्या, "बाई, त्याच्याशी पण वापरलं तर त्याच्यात नि गिऱ्हाइकात फरक काय राहिला?"

त्यांना अज्ञानी कोण म्हणेल? या विषयात त्यांनी भल्याभल्यांना शिकवलंय. पण कंडोम त्यांच्यासाठी धंद्याची वस्तू झाली आणि ते काढून ठेवणं हेच प्रेमाचं माप. आणि मला वाटतं पुण्या-मुंबईतल्या शिकलेल्या जोडप्यांतही हेच चालतं, दोन-तीन महिने झाले की "आता आपण सिरियस आहोत" म्हणून बंद. तपासणी कुणीच केलेली नसते. तीन महिन्यांत विश्वास वाढला, विषाणूबद्दल काय नवीन कळलं? काहीच नाही.

तुर्भे_नाका

मी काही वर्ष ट्रक टर्मिनलला पीअर एज्युकेटरचं, म्हणजे आपल्यातल्याच लोकांना एचआयव्हीची माहिती द्यायचं काम केलंय. ड्रायव्हर लोकांचं एक पक्कं म्हणणं असतं, इंजिनाच्या शेजारी बसून बसून अंगात गरमी साठते, ती बाहेर काढावीच लागते नाहीतर आजार होतो. मी सुरवातीला हे खोडायला जायचो, तास तास वाद. काही उपयोग नाही. मग एक जुने ड्रायव्हर होते ते म्हणाले, अरे गरमी म्हणजे काय बघ ना, पंधरा पंधरा दिवस घर नाही, झोप नाही, पोलिस पैसे मागतो, शेठ शिव्या देतो, रात्री कुणीतरी प्रेमाने बोलावं वाटतं. हे कोण बोलून दाखवणार मित्रांत? गरमी म्हटलं की विषय संपला.

तेव्हापासून मी गरमीवर वाद घालणं सोडलं. गरमी आहे, बरं, मग हे पाकीट घे, केबिनमध्ये लायसन ठेवतोस तिथेच ठेव. चालायचं ते.

निळा_पडदा

मी गे आहे, मुंबईत राहतो. शांभवींनी लक्ष आक्रसतं लिहिलंय त्यावर सांगतो, त्यासाठी दारूच लागते असं नाही. भीतीनेही होतं.

कॉलेजात असताना, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं तेव्हा, भेटायचं कुठे तर अंधारात, घाईत, कान सगळे पावलांच्या आवाजाकडे. पोलिस येतील, ओळखीचं कुणी बघेल, फोन काढून कुणी फोटो घेईल. सगळी सावधगिरी तिकडेच संपायची. एचआयव्ही हा त्या वेळी दोन नंबरचाही धोका नव्हता, पाचवा-सहावा असेल. नंतर हमसफर ट्रस्ट या आमच्यासारख्यांसाठीच्या संस्थेत पहिल्यांदा कुणीतरी मला न लाजता विचारलं की तू काय करतोस, कसं करतोस, तेव्हा कळलं की मला सगळं माहीत होतं फक्त मी स्वतःला जपण्यालायक समजतच नव्हतो. हे वाक्य लिहायला जड जातंय पण खरं आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला कोर्टाचा निकाल आला, कायदा बदलला, मनातली ती घाई मात्र कितीतरी दिवस गेली नाही. आता मी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रेप (लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या गोळ्या) घेतो, नियमित तपासणी करतो.

तर्कट_नाही

सगळ्यांचं वाचून एक शंका. हे सगळं आतल्या मनावर ढकललं तर जबाबदारी कुणाची? बायकोला लागण करणारा उद्या म्हणेल माझ्या मेंदूने अर्ध्या सेकंदात ठरवलं, मी काय करू. मला हे धोकादायक वाटतं.

शांभवी_के

तुमची शंका रास्त आहे. माझं म्हणणं असं की जबाबदारी त्या क्षणावरून उचलून आधीच्या क्षणावर ठेवायची. रात्री अकराला डोकं चालणार नाही हे माहीत असेल तर संध्याकाळी सहाला खिशात काय आहे याची जबाबदारी तुमचीच, तेव्हा डोकं शाबूत होतं.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांचं काम याच्यावर आहे. "मी काळजी घेईन" असा मोघम निश्चय टिकत नाही, "अमुक झालं की मी तमुक करेन" असा बांधलेला टिकतो. शर्ट काढायच्या आधी पाकीट उशाशी ठेवायचं, बास. मग ते मनाला त्या वेळी ठरवावं लागत नाही, सवयीने हात जातो. जी सवय घात करते तिलाच कामाला लावायचं.

आणि एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात केलेलं मला खूप आवडतं. विद्यार्थ्यांना कंडोमच्या बाजूने कॅमेऱ्यासमोर भाषण करायला लावलं, दुसऱ्या पोरांना दाखवायला म्हणून. मग त्यातल्या काहींना विचारलं, तू स्वतः कधीकधी वापरला नव्हतास ते आठव. ज्यांनी दोन्ही केलं, त्यांच्यातल्या सगळ्यात जास्त जणांनी नंतर कंडोम विकत घेतले. नुसती माहिती ऐकून घेतलेले मागे राहिले. बाहेरून कुणी उपदेश केला की मन पळवाट काढतं, स्वतःच्या तोंडचं वाक्य आणि स्वतःचं वागणं शेजारी ठेवलं की पळायला जागा राहत नाही.

माणदेशी

हे मी आमच्या कॉलेज कार्यक्रमात वापरून बघणार आहे, भाषण आम्ही द्यायचं सोडून पोरांनाच द्यायला लावायचं.

तर्कट, माझ्याकडून एवढंच की मी तपासणीच्या खोलीत "का नाही वापरलास" हा प्रश्न आता शेवटी विचारतो. आधी विचारतो त्या दिवशी काय काय झालं ते संध्याकाळपासून सांग. त्यात जागा सापडतात, मित्राने कुठे बोलावलं, कितव्या पेगला निघाला, मेडिकलसमोरून गेला पण काउंटरवर ओळखीची बाई होती म्हणून आत गेला नाही. पुढच्या वेळेचं तिथेच ठरवता येतं.

नवीन_सदस्य_आहे

धाग्यासाठीच आयडी काढला. शनिवारी रात्री माझा असा संबंध आला, कंडोम नव्हता. आज सोमवार सकाळ. मुलगी चांगली वाटते, शिकलेली आहे, म्हणून मी काल दिवसभर स्वतःला समजावलं की काही नाही होणार. आता वर "तसली वाटत नव्हती" वाचून पोटात गोळा आला. थोडे दिवस थांबून टेस्ट करू का?

माणदेशी

थांबू नका. लागण टाळायला पीईपी नावाच्या गोळ्या असतात, संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. २८ दिवस रोज. तुमच्याकडे अजून वेळ आहे पण तो आज वापरा, उद्यावर टाकू नका. जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजच्या एआरटी केंद्रात (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) जा आणि सरळ सांगा. तिथे अडलं तर खासगी फिजिशियनही लिहून देऊ शकतात. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. गोळ्यांची गरज आहे का ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही मनाशी ठरवू नका. आजची तपासणी करतील ती फक्त आधीचं काही नाही ना हे बघायला. लागण झाली तरी ती चाचणीत दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे आज निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं नाही.

सिफिलिस आणि बाकी गुप्तरोगांचंही विचारा. सिफिलिसचा फोड दुखत नाही आणि आपोआप जातो, लोकांना वाटतं बरा झाला, रोग आत तसाच राहतो.

निळा_पडदा

मित्रा, जा. तिथे कुणी काही बोललं तर बोलू दे, गोळ्या घेऊनच बाहेर ये. एकटं जावंसं वाटत नसेल तर इथे लिहीत रहा, मी दिवसभर ऑनलाईन आहे.

नवीन_सदस्य_आहे

जाऊन आलो. रांगेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. आतल्या मॅडम नीट बोलल्या, काही विचारलं नाही वाईट. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, मळमळेल म्हणाले. तिला सांगायचं का हा प्रश्न आहे, तिलाही टेस्ट करायला सांगितलं तर ती काय समजेल?

रेवाकाठची

सांगा. तिच्यावर संशय म्हणून सांगू नका, "मी माझी तपासणी केली, तूही तुझी करून घे" असं सांगा. माझ्या बहिणीला कुणी इतकं जरी सांगितलं असतं.

माणदेशी

ताई म्हणतात तसंच करा. तिला सांगायचं कसं त्यासाठी केंद्रातल्या समुपदेशकाची मदत मागा, हवं तर दोघं मिळून जा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, काही अपवाद सोडले तर, तपासणी संमतीशिवाय करता येत नाही आणि तुमचा रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगता येत नाही, हे तिलाही सांगा म्हणजे तिची भीती कमी होईल. गोळ्या रोज एकाच वेळेला, मोबाईलला गजर लावा, मळमळलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा. परत तपासणी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी, तारखा आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका कारण आठवड्याभरात बरं वाटायला लागेल आणि जावंसं वाटणार नाही. तोपर्यंत कंडोम वापरायचाच आणि रक्तदान नाही.